उजेड ठरेपर्यंत

रंगाई कारखान्याच्या उत्तरेकडच्या खिडकीत सकाळ एकदम येत नसे. आधी काचेच्या कडा उमटत. मग काचेवरची धूळ दिसू लागे, आणि धूळ दिसते आहे त्या अर्थी तिच्यामागे काहीतरी उजळते आहे, एवढेच कळे. त्या पहिल्या उजेडाला स्वतःचा रंग नसे आणि तो कुणाला रंग देतही नसे. लांबलचक टेबलावर पसरलेले कापडाचे तुकडे सगळे सारखेच, राखेसारखे पडून असत. नंतर त्यांतला पिवळा डोळे उघडी. त्याच्या मागोमाग हिरवा, मग थोडे आढेवेढे घेत तांबडा. गडद निळा मात्र काळ्याच्या कुशीत तोंड खुपसून बराच वेळ निजलेला असे. शेजारच्या दालनातली वाफ दाराखालून येई, जमिनीलगत थोडी रेंगाळे आणि उजेडात शिरून दिसेनाशी होई. भिंतीवरचा ओलाव्याचा डाग, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला डगला, कात्रीची दोन पाती, एकेक वस्तू आपापल्या जागी परत येई. आणि मग एक क्षण असा येई की उजेड वाढायचा थांबे. तो टेबलावर बसे, अंग सावरून, हात मांडीवर ठेवून, एखाद्या समजूतदार पाहुण्यासारखा. तेव्हा कुठे निळा काळ्यापासून वेगळा होई.

बाबा या क्षणाची वाट पाहत उभे असत, हात पाठीमागे बांधून. ‘उजेड ठरला,’ असे ते हळूच म्हणत आणि मगच पहिला तुकडा उचलत. दिव्याखाली रंग जुळवणे त्यांच्या लेखी लबाडी होती. कारखान्यात लहानथोर सगळे त्यांना मास्तर म्हणत. ग्राहकाने पाठवलेला नमुना डाव्या हातात, नुकताच रंगवून वाळवलेला तुकडा उजव्या हातात, दोन्हींचे धागे एकाच दिशेने धरायचे आणि पाहायचे, इतकेच त्यांचे काम. ‘अजून चिमूटभर निळा’ नाहीतर ‘झालं’. त्यांनी ‘झालं’ म्हटले की आत टाक्या भरल्या जात आणि त्या एका शब्दावर तागेच्या तागे रंगून निघत. रंग मोजणारे यंत्रही होते, पण ग्राहक शेवटी कापड खिडकीशीच नेऊन बघतो, त्यामुळे यंत्रावर कापडी खोळ होती आणि खोळीवर बाबांचा चहाचा पेला.

अलीकडे उजेड ठरायला उशीर होऊ लागला होता. काचेच्या आडभिंतीपलीकडे बसून कारखान्याचे आकडे सांभाळणाऱ्या त्यांच्या मुलाच्या हे लक्षात आले होते. थंडीचे दिवस आहेत, असे त्याने मनाशी म्हटले. थंडी सरल्यावर समोर उभे राहिलेले नवे गोदाम त्याला कारण म्हणून सापडले. ते नसते तर त्याला आणखी काही सापडले असते.

त्याला सगळे आकडेवाले म्हणत. मोठ्या विद्यापीठातून संख्याशास्त्र शिकून तो इथेच परत आला होता. त्याला माणसांपेक्षा आकड्यांच्या सहवासात बरे वाटे, कारण आकडे उत्तर मिळेपर्यंत चेहऱ्याकडे टक लावून बघत नाहीत. त्याच्या ज्ञानाची कुणाला गरज पडत नव्हती, आणि ते त्याला फारसे खुपतही नव्हते. खुपू लागले ते व्यवस्थापक शहराबाहेरच्या एका प्रशिक्षण शिबिराला जाऊन आले तेव्हापासून. येताना ते एक शब्द घेऊन आले होते: सहसंबंध.

नवे खेळणे मिळालेल्या मुलाने ते झोपतानाही सोडू नये, तसे साहेबांचे झाले. उपाहारगृहातला चहा पातळ झाला आणि गैरहजेरी वाढली, सहसंबंध. नवीन रखवालदार आला आणि मांजरे वाढली, सहसंबंध. कामगार मागे हसत, पुढे मान डोलावत. एकाने तर लग्न आणि टक्कल यांचा सहसंबंध लावून दाखवला, आणि साहेबांनी तो गंभीरपणे ऐकून घेतला. आकडेवाल्याला हसू येत नसे. आपल्या शांत, बुजऱ्या शब्दाला भर बाजारात कुणी कान धरून फिरवावे, तसे त्याला होई. प्रत्येक वेळी तो घसा साफ करी आणि प्रत्येक वेळी बोलायचे राहून जाई.

आणि मग एका सोमवारी साहेबांनी त्याला खोलीत बोलावले. टेबलावर परत आलेल्या मालाचे तुकडे होते. छटा जुळली नाही म्हणून ग्राहकांनी माल फिरवला होता, या वर्षी पुष्कळच, आणि फिरलेल्या मालापैकी बहुतेक मास्तरांनी ‘झालं’ म्हटलेला होता. धाकट्या मास्तरांनी, म्हणजे खिडकीशी बाबांच्या हाताखाली तयार झालेल्या दुसऱ्या एका जुळवणाऱ्याने, पास केलेला माल क्वचितच परत येई.

“मास्तरांचा आणि परतीच्या मालाचा सहसंबंध आहे,” साहेब म्हणाले. “स्पष्टच आहे. तुम्ही तेवढा शास्त्रीय अहवाल लिहून द्या.”

अहवालानंतर काय, हेही त्यांनी सांगून टाकले. मास्तरांना गोदामात गाठोडी बघायला पाठवायचे, पगार तोच, मान तोच. फक्त खिडकी नाही. साहेब तसे दुष्ट नव्हते. बोलताना त्यांनी नजर खाली ठेवली होती आणि परतीच्या एका तुकड्याची सुटलेली दशी बोटांनी सारखी करत होते.

आकडेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मात पहिल्यांदा तो साहेबांपुढे न अडखळता बोलला. त्याने सांगितले की सहसंबंध माणसाचा नसतो, मोजता येणाऱ्या दोन गोष्टींचा असतो. एक वाढली की दुसरी वाढते का, की घटते, आणि ती जोडी एकमेकींना किती घट्ट धरून चालते, एवढेच तो सांगतो. पूर्ण उलट चालीपासून पूर्ण सारख्या चालीपर्यंत त्याची एक पट्टी असते, आणि मध्ये शून्य असते. तेही सरळ रेषेत चालणाऱ्यांपुरतेच. वळणाने जाणाऱ्यांचे नाते त्या पट्टीला कळतही नाही. आणि मुख्य म्हणजे, कोण कुणाला चालवतो हे तो कधीच सांगत नाही. खुंटाळ्यावर ज्या दिवशी छत्र्या जास्त लटकतात त्या दिवशी अंगणातले कापड उशिरा वाळते, हा सहसंबंध पक्का आहे. म्हणून छत्र्यांवर बंदी घालायची का? दोघांच्या मागे पाऊस असतो. मास्तरांच्या मागेही तसेच काहीतरी असू शकते.

साहेबांनी सगळे ऐकले. मग म्हणाले, “म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र घडतात हे तुम्हाला मान्य आहे तर.”

त्याने कपाळाला हात लावला.

“मास्तरांच्या मागे तुम्हीच उभे आहात, पंडित,” साहेब म्हणाले, पण मवाळपणे. “शुक्रवारपर्यंत द्या.”

खिडकीवाचून बाबा म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते. आई गेली त्या वर्षी बाबा घरात कुणाशी बोलत नव्हते, पण सकाळ झाली की उठत, दाढी करत आणि खिडकीकडे निघत. त्या उजेडाने त्यांना धरून ठेवले होते. गोदामाला खिडकी नव्हती.

गुरुवारपर्यंत त्याने आकड्यांत डोके घातले. आणि तिसरे कारण त्याला मिळाले. ते इतके उघड्यावर पडलेले होते की त्याला स्वतःचीच कीव आली. कारखान्याची जुनी रीत अशी की सोपे रंग धाकट्याकडे आणि अवघड रंग मोठ्याकडे. तांबडे-पिवळे बहुतेक धाकटे मास्तर जुळवत. राखाडी, गडद निळे, काळे हे बाबांचे. ती त्यांच्या ज्येष्ठतेची खूण होती, दुसऱ्या कुणी त्या रंगांना हात लावायचा नाही. आणि अवघड रंगांचा माल सगळ्याच कारखान्यांत जास्त परत येतो. छत्र्या आणि पाऊस! त्याने रंगांप्रमाणे आकडे वेगळे केले. कधीमधी बाबांकडे आलेले तांबडे-पिवळे पाहिले. त्यांतले जवळजवळ काहीच परत आले नव्हते, धाकट्यांपेक्षाही कमी. साहेबांचा सहसंबंध सकाळच्या वाफेसारखा विरला.

फक्त एक गोष्ट राहत होती. राखाडी आणि निळ्यात बाबांची तुलना करायला दुसरे कुणी नव्हतेच. धाकट्यांनी ते रंग कधी जुळवले नव्हते. तिथे आकडे बोलत नव्हते, गप्प होते. गप्प असणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे, हे त्याला शिकवलेले होते आणि परीक्षेत त्याने ते सुंदर अक्षरात लिहिलेही होते. खरे कारण शोधायचे तर वाट एकच: तेच तुकडे दोघांपुढे ठेवायचे, आधी कोण हे चिठ्ठी टाकून ठरवायचे, आणि पाहायचे. त्याने लेखणी त्या वाक्यापाशी नेली. मग ते न लिहिताच अहवालाला समारोप जोडून टाकला.

घरी ताई शिवणयंत्रावर बसली होती. ती त्याची मोठी बहीण. आई गेल्यावर घर तिनेच पेलले होते, बाहेरचे कपडे शिवायला घेऊन. त्याने तिला अहवालाची गोष्ट सांगितली, जरा उत्साहानेच. तिने यंत्र थांबवले नाही. काल बाबांनी तिला काळ्या दोऱ्याचे रीळ म्हणून निळे आणून दिले, आणि तिने न बघता अख्खी पट्टी शिवली, ती आता उसवते आहे, असे तिने सांगितले. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला हवे, हे ती गेले कित्येक महिने म्हणत होती. बाबा ऐकत नाहीत ते समजण्यासारखे होते. पण हाही दर वेळी काहीतरी निमित्त काढी. एका रिळावरून निष्कर्ष निघत नाही, असे त्याने याही वेळी तिला सांगितले. कपाटात अंधार असतो. रिळावरची चिठ्ठी निघालेली असेल.

“मला शब्दांत गुंडाळू नकोस,” ताई म्हणाली. “मी काही तुझी साहेब नाही.”

तो म्हणाला की तीही तीच चूक करते आहे. दोन गोष्टी शेजारी दिसल्या की एकीला दुसरीची आई ठरवायची. बाबांचे वय वाढते आहे आणि चुका होताहेत, म्हणून लगेच डोळे. धागा वाईट असेल, रंग पुरवणारा बदलला आहे, समोर गोदाम झाले आहे.

तिने यंत्रावरचे पाय थांबवले. खोली एकदम मोठी वाटू लागली.

“एक सांग,” ती म्हणाली. “बाबांचे मोजे कोण जोडतं रे, रोज?”

त्याने उसवलेल्या पट्टीतला एक दोरा उचलला.

“मी धुते, मी वाळत घालते. घड्या मी घालत नाही. काळे काळ्यांत, निळे निळ्यांत, गुंडाळून बाबांच्या पलंगावर कोण ठेवतं? शाळेत असल्यापासून स्वतःच्या कपड्यांची घडी घातली नाहीस कधी.”

“सवय आहे,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

या प्रश्नाचे उत्तर त्याला ठाऊक होते, म्हणून तो चिडला. ताईला काहीतरी लागट बोलला, शिकली असतीस तर कळले असते, असे काहीसे, आणि बोलता बोलताच ते परत घ्यावेसे वाटले. ताईने पुन्हा पाय हलवायला सुरुवात केली. यंत्राचा आवाज सुरू राहिला तेवढा वेळ तो दारात उभा होता. क्षमा मागायला एखादी फट सापडेल म्हणून तो थांबला होता. पण ताईने एकसलग शिवले.

शुक्रवारी साहेबांनी अहवाल त्याच्यासमोरच वाचला, ओठ हलवत. छत्र्यांच्या जागी ते हसले. रंगांच्या वाटपापाशी त्यांनी भुवया उंचावल्या आणि प्रामाणिकपणे म्हणाले की हे आपल्या डोक्यातच आले नव्हते. मास्तरांवर अन्याय झाला असता. आकडेवाल्याच्या छातीवरचे ओझे उतरू लागले. तो उठणार एवढ्यात साहेबांनी पान परत उलटले.

“पण मला एक समजावून सांगा. धाकट्यांनी निळा कधी जुळवलाच नाही. मग निळ्यात मास्तर चांगले की वाईट, हे आपल्याला कशावरून कळणार?”

वर्षभर या माणसाने शब्दाला आडवे-तिडवे ताणले होते, आणि आज, नेमके आज, त्याने तो सरळ धरला. आकडेवाल्याला त्याचा इतका राग आला की तो मोजायला कुठलीच पट्टी पुरली नसती. कळणार नाही, असे त्याने कबूल केले. मग कसे कळेल, साहेबांनी विचारले, खरोखर कुतूहलाने. आणि खोटे बोलता न येणाऱ्या माणसांची जी अडचण असते ती त्याची झाली. त्याने तेच तुकडे, दोघे, चिठ्ठी, हे सगळे सांगून टाकले, प्रत्येक शब्द ओढून काढल्यासारखा.

साहेब खूश झाले. उद्याच करू म्हणाले. “मांडणी तुम्हीच करा. तुमच्या वडिलांचा प्रश्न आहे, तरी माझा तुमच्यावर विश्वास आहे.”

बाबांना त्याने त्या संध्याकाळी सांगितले, शक्य तितक्या सहजपणे. ते रागावले नाहीत. धाकट्याचीही एकदा परीक्षा व्हायलाच हवी होती, म्हणाले, आणि त्याने आपल्यासाठी साहेबांशी वाद घातला हे कानावर आल्याचे सांगून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात फार हलका होता. हा सहसंबंध म्हणजे असते तरी काय, असे त्यांनी विचारले. त्याने सांगितले, छत्र्यांसकट. बाबा मनापासून हसले. आपल्या मुलाला एवढे येते, याचे कौतुक त्यांच्या चेहऱ्यावर इतके उघडे होते की त्याला बघवेना.

सकाळी तो सर्वांआधी खिडकीशी पोहोचला. काचा बाहेरून आणि आतून त्याने स्वतः पुसल्या. तुकड्यांच्या जोड्या त्याने आदल्या दिवशीच काढल्या होत्या. काही तंतोतंत जुळणाऱ्या, काही न जुळणाऱ्या. सोप्या जोड्या निवडायचा मोह त्याला झाला होता. मग दोन-तीन जोड्या त्याने बदलल्या, आणि पुन्हा मूळच्या ठेवल्या. शेवटची जोडी न जुळणारी होती: एक काळा, एक गडद निळा. त्यात फसवे काही नव्हते. धाग्याची जात एक, वीणही एक. रंग मात्र दोन, कुणालाही दिसावेत असे.

चिठ्ठीत पहिले नाव धाकट्या मास्तरांचे आले. बाबा आणि साहेब बाहेर थांबले. धाकट्यांनी ओशाळलेपणाने टेबलाशी येऊन जोड्या उचलल्या, एकेकीवर नजर टाकली आणि बाजूला ठेवत गेले: झालं, झालं, नाही, झालं, नाही. शेवटची जोडी त्यांनी हातातही घेतली नाही. लांबूनच म्हणाले, “ही कशाला ठेवली? एक काळा, एक निळा.” आणि जाताना आकडेवाल्याकडे न बघता, आपण हे मागितले नव्हते, असे पुटपुटले.

बाबा आत आले. नव्याने इस्त्री केलेला सदरा होता, केस पाण्याने बसवलेले. टेबलाशी उभे राहून त्यांनी हात पाठीमागे बांधले, खिडकीकडे पाहिले आणि म्हणाले, “उजेड ठरला.”

मग जे झाले ते पाहताना त्याला लहानपणीचा अभिमान परत आला. पिवळ्याच्या एका जोडीत धाकट्यांनी ‘झालं’ म्हटले होते. बाबांनी ती क्षणभर धरली आणि त्यातला केसाएवढा फरक बोटाने दाखवला. तांबडे त्यांनी पानांसारखे चाळले. हिरव्यापाशी थोडे थांबले. दाराशी उभे असलेले साहेब पुढे सरकले होते आणि मान डोलावत होते. त्याला वाटले, संपले, आता इथेच थांबावे, पुरे झाले म्हणावे.

बाबांनी शेवटची जोडी उचलली. धागे एका दिशेने केले. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. एक पाऊल खिडकीकडे सरकले. अंगठ्याने आधी एक तुकडा चोळला, मग दुसरा, जणू रंग बोटाला सांगेल. शेजारच्या दालनात टाकीतले पाणी उकळत होते. बाबांनी तुकडे टेबलावर अलगद ठेवले, अगदी शेजारी शेजारी, आणि हात पुन्हा पाठीमागे बांधले.

“थांब जरा,” ते म्हणाले. “उजेड अजून ठरला नाही.”

त्याने खिडकीकडे पाहिले. काच स्वच्छ होती. समोरच्या गोदामाची सावली टेबलापर्यंत पोहोचतही नव्हती. उजेड टेबलावर नेहमीच्या जागी बसला होता, आणि त्याच्यासमोर काळा काळा होता, निळा निळा होता. दाराशी साहेब नजर खाली घालून उभे होते. त्याने आणखी एखादे कारण शोधले. थोडा वेळ शोधत राहिला. टेबलाखाली बाबांच्या पायांत दोन्ही मोजे एकाच रंगाचे होते. ते पहाटे त्यानेच जोडून ठेवले होते.

बाबांना निळा दिसत नव्हता.